आंघोळीचा रकाना

४ जानेवारी

ती. आत्या,

नमस्कार. पत्र पुरतं वाचल्याशिवाय रागावणार नाहीस, असं आधी कबूल कर. फोनवर सांगितलं असतं, पण तू मध्येच ‘काहीतरीच काय!’ म्हणून ठेवून दिला असतास.

नवजात बाळांच्या विभागात माझं दुसरं वर्ष सुरू झालंय आणि पदवीसाठी एक संशोधन करायचं आहे. आमच्या कॉलेजच्या रुग्णालयात आजूबाजूच्या छोट्या रुग्णालयांतून आजारी बाळं येतात. त्यातली निम्मी येतात तीच गार. हात लावला की नळाखालून काढल्यासारखी. गार पडलेलं बाळ नीट दूध ओढत नाही, ओढलं नाही की साखर उतरते, श्वास अडखळतो, आणि मग कुठलासा फुटकळ जंतूही त्याला भारी पडतो. आमच्या सरांचा संशय जन्मल्याबरोबरच्या आंघोळीवर आहे. पुस्तकात ‘थांबा’ असं छापलेलं आहे, पण थांबत कुणीच नाही. कारण आपल्याकडच्या छोट्या, थंड खोल्यांत, बाळं गरम ठेवायच्या एकाच वॉर्मरवर भागवताना नेमका किती फरक पडतो हे कुणी मोजलेलंच नाही.

सहा रुग्णालयं घेतली आहेत. एक आठवडा जुनी पद्धत, म्हणजे तुम्ही करता तशीच. पुढचा आठवडा नवी: बाळ कोरडं पुसायचं, तसंच उघडं आईच्या छातीवर ठेवायचं, वरून पांघरूण, आणि चोवीस तास आंघोळ नाही. प्रत्येक बाळाचा एक फॉर्म. त्यात आंघोळ घातली की नाही हा एक रकाना, आणि तासाभराने काखेत घेतलेलं तापमान हा दुसरा. साडेछत्तीसच्या खाली आलं की बाळ गार धरायचं. बस, एवढंच.

सहावं रुग्णालय तुझं आहे. तुमच्या मोठ्या डॉक्टरांनी सही केली, पण मला माहीत आहे, लेबर रूममध्ये सही कुणाची चालते.

तुझी,
भिंगरी


११ जानेवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद आणि एक चापट.

काहीतरीच काय!

फोन नव्हता म्हणून लिहून काढलं. आता पुढचं.

सत्तावीस वर्षं मी या लेबर रूममध्ये आहे. डॉक्टर आले, बदलून गेले, भिंतींचा रंग तीनदा बदलला, मी आहे तिथेच आहे. माझ्या हातून बाळ बाहेर जातं ते लख्ख, गुंडाळून, केस विंचरून. बाहेर ताटकळलेली माणसं तोंड भरून म्हणतात, ‘सिस्टर, किती गोड दिसतंय!’ आणि तू सांगतेस, रक्तामांसाने माखलेलं तसंच आईच्या अंगावर टाका! अगं, हॉटेलात खरकटी ताटली कुणी पुढे केली तर आपण उठून जातो. तुलाही जन्मल्याबरोबर मीच न्हाऊ घातलं होतं. माझं पहिलंच वर्ष होतं. तू काही गार पडली नाहीस; तोंड तर तेव्हापासून बंदच नाही.

पण तू मागितलंस आणि मी नाही म्हटलं, असं झालंय कधी? घे माझं रुग्णालय. फॉर्मवर आंघोळीचं मी लिहीन, कारण बाळ माझ्याच हातात येतं. तापमान घ्यायला आमची नवी सिस्टर देते. कॉलेजातून नुकतीच बाहेर पडली आहे. अंगाने काडी आणि दर दोन मिनिटांनी एक प्रश्न टोचते, म्हणून सगळ्यांनी तिचं नाव टाचणी ठेवलंय. कामाला चोख आहे, पण हे मी लिहिलं म्हणून तिला सांगू नकोस, डोक्यावर बसेल.

फॉर्म दर शनिवारी तुमच्या कॉलेजच्या गाडीबरोबर पाठवीन. त्याच पाकिटात पत्र टाकत जाईन.

तुझी आत्या


२० मे

ती. आत्या,

तुझी शनिवारची पाकिटं वेळेवर येतात. सहा रुग्णालयांत सगळ्यांत नीटनेटके फॉर्म तुझे. एकही रकाना रिकामा नाही, एकही खाडाखोड नाही. सरांनी बाकीच्यांना नमुना म्हणून दाखवले.

आता अडचण. चार महिन्यांचे आकडे काढले. पाच ठिकाणी चित्र स्वच्छ आहे. आंघोळीच्या आठवड्यात शंभरातली चाळीस-बेचाळीस बाळं गार, थांबण्याच्या आठवड्यात बारा-तेरा. मी तीनदा बेरीज केली, इतका आनंद झाला होता. तुझ्याकडे मात्र अडतीस आणि छत्तीस. म्हणजे थांबा नाहीतर थांबू नका, सारखंच.

सर म्हणाले, ‘एकतर थर्मामीटर खोटा, नाहीतर तो धरणारा हात.’ दोन नवे थर्मामीटर पाठवते आहे. पण मला राहून राहून टाचणीची शंका येते. मार्चमध्ये मी तुमच्याकडे आले तेव्हा बोलायला चुरूचुरू वाटली, पण तापमान न घेताच अंदाजे आकडे टाकत असेल का? जरा लक्ष ठेवशील? तुझ्या नजरेतून काही सुटत नाही.

भिंगरी


२९ मे

चि. भिंगरीस आशीर्वाद.

थर्मामीटर मिळाले. जुने कपाटात ठेवले.

टाचणीला समज दिली. रडली. हल्लीच्या पोरींना बोललेलं खपत नाही. तिला आठवड्याचे तीन दिवस बाह्यरुग्ण विभागात टाकलं आहे.

तुझं शास्त्र सगळीकडे सारखंच लागू पडेल असं कुठे आहे? इथल्या खोल्या वेगळ्या, इथल्या बायका वेगळ्या. सहातल्या एका ठिकाणी नाही पडला फरक, तर काय आभाळ कोसळतं?

इथे काम फार आहे. पत्र लहान आहे, समजून घे.

आत्या


८ जून

ती. आत्या,

काय कोसळतं ते सांगते. ऑगस्टमध्ये आरोग्य खात्याच्या समितीपुढे आमचे आकडे ठेवायचे आहेत. पटले तर सगळ्या छोट्या रुग्णालयांना लेखी सूचना जाईल, प्रशिक्षण होईल, आईजवळ बाळ ठेवायला गरम पांघरुणं मिळतील. पण सहात एका ठिकाणी फरक शून्य म्हटल्यावर समितीतला कुणीतरी चष्मा काढून म्हणणारच, ‘अजून एक वर्ष अभ्यास करा.’ वर्षभरात किती बाळं जन्मतात, ते तू माझ्यापेक्षा जास्त जाणतेस.

आणि आता जे लिहिते आहे ते वाचून तुला संताप येईल. गेल्या गुरुवारी तुमच्याकडून एक मुलगी आमच्याकडे आली. वजन एक किलो नऊशे. तापमान चौतीस. ओठ निळसर, रडणं मांजरीच्या पिल्लासारखं. फॉर्म पाहिला तर थांबण्याचा आठवडा, आंघोळ ‘नाही’. मी आईशी बोलत बसले होते. ती कौतुकाने म्हणाली, ‘तिथल्या सिस्टरांनी इतकं छान न्हाऊ घालून दिलं होतं हो, बाहुली दिसत होती!’ मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच.

आत्या, तुझ्या नाकाखाली ती टाचणी बाळांना आंघोळ घालते आणि तुला ‘नाही’ म्हणून सांगते. तू बिचारी तिच्यावर विश्वास ठेवून लिहून टाकतेस. मला हे सहन झालं नाही. मी सरांना सांगून तुमच्या मेट्रनबाईंना लेखी तक्रार पाठवली आहे. तुझं नाव कुठेही येऊ दिलं नाही, काळजी करू नकोस.

ती मुलगी अजून वॉर्मरवर आहे. दूध नळीने देतोय.

भिंगरी


२७ जून

भिंगरी,

दोन शनिवार पाकिटात पत्र नव्हतं. तीन लिहिली आणि तिन्ही फाडली. हे चौथं. लिहून होताच पाकिटात घालून चिकटवणार आहे, परत वाचणार नाही.

आंघोळ मी घालत होते.

थांबण्याचा पहिला आठवडा लागला तेव्हा मी तू सांगितलंस तसं केलं. दोन बाळं. तिसरं बाळ आईच्या छातीवर ठेवलं, अंगावर तो पांढरा चिकट थर, केसांत रक्त. आईने मान फिरवली. दारातून तिची आई म्हणाली, ‘हे असंच देता का तुमच्यात?’ भिंगरी, सत्तावीस वर्षांत मला कुणी असं विचारलं नव्हतं. कानशिलं तापली. मी बाळ उचललं, बाजूच्या मोरीत नेलं, कोमट पाण्याचे चार तांबे घातले, साबण फिरवला, पुसून आणून दिलं. सगळे हसले. फॉर्मवर लिहिलं ‘नाही’. मनात म्हटलं, दोन मिनिटांच्या पाण्याने काय होतंय, आणि भिंगरीचं कामही अडायला नको. तुझं भलं करते आहे असं वाटत होतं मला, हे तुला खरं वाटणार नाही.

मग चौथं, मग पाचवं. नंतर हात आपोआप जाऊ लागला, आणि पेनही.

टाचणीने आठवड्याभरातच पाहिलं. म्हणाली, ‘सिस्टर, मग फॉर्मवर काय लिहायचं?’ मी म्हटलं, ‘तुझा रकाना तू बघ, माझा मी बघते.’ तिने तिचा रकाना खरा भरला. रोज, प्रत्येक बाळाचा, खरा. म्हणून तुझे आकडे जुळेनात. अख्ख्या फॉर्मवर खरं तेवढं तिचं होतं.

आणि तुझं मेचं पत्र आलं तेव्हा मी तिलाच झापलं. चार जणींसमोर. ती रडली असं तुला लिहिलं, ते मात्र खरं लिहिलं होतं.

मग तुझी तक्रार आली. मेट्रनबाईंनी आम्हा दोघींना बोलावलं. टाचणी टेबलासमोर उभी, मी खुर्चीत. बाईंनी पत्र वाचून दाखवलं. टाचणीने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, वाट बघितल्यासारखं. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत बसले. बाई म्हणाल्या, ‘काय म्हणणं आहे तुझं?’ ती म्हणाली, ‘माझ्याकडून चूक झाली असेल.’ तिच्याकडून सही घेतली. मी साक्षीदार म्हणून खाली सही केली. हो, सहीसुद्धा केली.

त्यानंतर अकरा दिवस गेले. जेवत होते, कामावर जात होते. आरशात बघून केस बांधवत नव्हते, न बघताच बांधायचे.

बाराव्या दिवशी जुन्या पद्धतीचा आठवडा लागला. म्हटलं, निदान स्वतःच्या डोळ्यांनी बघू. सकाळी एक चांगलं तीन किलोचं बाळ झालं. थर्मामीटर मीच लावला. छत्तीस पॉइंट सात. नेहमीसारखी आंघोळ घातली, पुसलं, गुंडाळलं. पस्तीस पॉइंट सहा. तासाने परत लावला, दुपट्यात, टोपीत. पस्तीस पॉइंट तीन. मला वाटलं माझंच चुकलं. थर्मामीटर बदलून परत लावला. पस्तीस पॉइंट तीन. हात लावून मला ते बाळ उबदारच वाटत होतं गं! सत्तावीस वर्षं मी हाताने बघत आले आणि पाण्यातून निघालेला माझा ओला हात बाळाहूनही गार असायचा.

बाळ आईच्या छातीवर ठेवलं, पांघरूण घातलं आणि शेजारी स्टूल घेऊन बसून राहिले, छत्तीस पॉइंट सहा होईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी मेट्रनबाईंच्या केबिनमध्ये गेले आणि सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘बसा.’ मी बसले नाही. टाचणीची सही असलेला कागद त्यांनी माझ्यासमोर फाडला आणि कोरा कागद पुढे सरकवला. त्यावर मी लिहून दिलं.

नंतर टाचणीकडे गेले. ती बाह्यरुग्ण विभागात एका बाईचा रक्तदाब घेत होती. मी म्हटलं, ‘मी सांगितलं बाईंना.’ तिने पट्टा सोडला, आकडा लिहिला, बाईला आत पाठवलं आणि मग म्हणाली, ‘तेरा दिवस लागले, सिस्टर.’ तेवढंच. पुढच्या बाईला हाक मारली. मी तिच्या दुप्पट वयाची. पाय धरावेत असं वाटलं आणि तेही धरले नाहीत.

सोबत यादी आहे. थांबण्याच्या आठवड्यांतली एक्काहत्तर बाळं, फॉर्म क्रमांकासह. पहिली दोन सोडून सगळ्यांना आंघोळ घातली होती. तुझ्या सरांना दे. तुला माझ्यामुळे पदवीत अडचण येईल, ते मला कळतं. माफी मागण्याची माझी लायकी नाही, म्हणून मागत नाही.

त्या एक किलो नऊशेच्या मुलीला मीच न्हाऊ घातलं. ‘आता कशी बाहुली दिसते,’ असं मीच म्हटलं होतं. ती कशी आहे, ते विचारायचं धाडस होत नाही. वाईट असेल तर लिहू नकोस. नाही, लिही. वाईट असेल तरी लिही.

आत्या


६ जुलै

आत्या,

आधी तिचं. जगली. सोळा दिवसांनी घरी गेली, वजन एक किलो नऊशे सत्तर. दूध ओढते, पण दमते. पुढची दोन वर्षं तिला तपासायला बोलावणार आहोत. तुझ्या आंघोळीमुळे ती तशी झाली का? सांगता येत नाही. ती मुळात लहान होती, गाडीतही दीड तास गेला. एका बाळावरून काहीच सांगता येत नाही, ‘नाही’ असंही सांगता येत नाही. म्हणून तर शेकडो फॉर्म भरायचे असतात आणि म्हणून तर ते खरे भरायचे असतात. हे तुला टोचायला लिहीत नाही. मी स्वतःलाही सांगते आहे.

कारण आता माझं ऐक. मार्चमध्ये मी आले होते तेव्हा तू चहा सांगायला गेलीस आणि टाचणी माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, ‘मॅडम, थांबण्याच्या आठवड्यातल्या बाळांच्या डोक्याला साबणाचा वास येतो.’ मी हसले. म्हटलं, ‘अगं, आमच्या आत्याच्या खोलीत भिंतींनाही साबणाचा वास येतो.’ तिने जीव मुठीत धरून मला सांगितलं होतं आणि मी विनोद केला. पुढे आकडे जुळेनात तेव्हा मला ते वाक्य आठवलं होतं. आठवलं आणि मी ते बाजूला सारलं. सहा ठिकाणी कुणावरही संशय घेता आला असता, मी सर्वांत लहान, सर्वांत नवी, बिननात्याची अशी मुलगी निवडली. त्या मुलीच्या आईने ‘सिस्टर’ म्हटलं तेव्हा ‘कोणत्या सिस्टर?’ एवढा एक प्रश्न मी विचारला नाही. संशोधक म्हणवते स्वतःला.

सरांना तुझं पत्र नाही, यादी दिली आणि साबणाचं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, ‘नातेवाईकाचं रुग्णालय अभ्यासात आहे हे तू मला जानेवारीत सांगायला हवं होतंस.’ सांगितलं नव्हतं, आत्या. मला वाटलं, त्यात काय.

झालं ते असं: नीतिमत्ता समितीला सगळं कळवलं. तुमच्याकडचे आतापर्यंतचे सगळे फॉर्म, खरे-खोटे दोन्ही, बाद. तुमच्याकडे पुन्हा पहिल्यापासून चार महिने मोजायचं. ऑगस्टची समिती डिसेंबरवर गेली. माझी पदवी सहा महिने पुढे गेली आणि आकडे समितीपुढे मी नाही, दुसरा मुलगा मांडेल. हे सगळं बरोबर आहे.

आणखी एक. आंघोळीचा रकाना आता टाचणी भरेल. तू नाही. सरांची अट आहे, आणि माझीही.

तिला मी पत्र लिहिलं. उत्तर आलेलं नाही.

भिंगरी


१९ डिसेंबर

चि. भिंगरीस,

मधल्या महिन्यांत मी तुला फक्त ‘फॉर्म पाठवले, मिळाल्याचं कळव’ असं लिहीत राहिले आणि तू ‘मिळाले’. दोघींनाही त्यापुढे जाता येत नव्हतं. आज लिहिते.

आमचे आकडे तुला कळलेच असतील. एकोणचाळीस आणि अकरा. समितीने मान्य केलं तो कागद मेट्रनबाईंनी फळ्यावर लावलाय. बायका अजून विचारतात, ‘असंच देता?’ टाचणी सांगते, ‘हो, असंच. तुमच्या अंगाच्या उबेची बरोबरी आमचं पाणी करत नाही.’ मला हे सत्तावीस वर्षांत सुचलं नव्हतं. एवढं एक वाक्य हवं होतं. मी वाक्याऐवजी तांब्या उचलला.

काल आमच्याकडे पहिलं प्रशिक्षण झालं. चौदा रुग्णालयांतल्या चाळीसेक सिस्टर. टाचणी शिकवत होती. मी मागच्या बाकावर होते. बाळ कसं पुसायचं, कसं ठेवायचं, सगळं बाहुलीवर दाखवून झालं. मग एक वयस्क सिस्टर उठली, माझ्याच वयाची असेल. म्हणाली, ‘पोरी, तू जन्मायच्या आधीपासून आम्ही आंघोळी घालतोय. आमची बाळं काय मेली का?’ सगळ्या हसल्या. टाचणी हातातली बाहुली सारखी करत राहिली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने पाहिलं असतं तर कदाचित मी उठले नसते.

मी पुढे गेले आणि सांगितलं. सगळं. मोरी, तांबे, ‘नाही’ लिहिलेले एकोणसत्तर रकाने, या मुलीच्या सहीखाली केलेली माझी साक्षीदाराची सही. टेबलाला धरून उभी होते. कुणीतरी विचारलं, ‘इतक्या वर्षांत किती बाळं गार पडली असतील?’ मी म्हटलं, ‘माहीत नाही. मोजली नाहीत. काही आमच्याकडून मोठ्या रुग्णालयात गेली, काही परत आली नाहीत. आम्ही म्हणायचो, अशक्तच होतं.’

भिंगरी, लोक म्हणतात, बोलून टाकलं की मन हलकं होतं. माझं झालं नाही. लाज होती तशीच आहे, फक्त आता ती चाळीस जणींना ठाऊक आहे.

प्रशिक्षण संपलं, सगळ्या चहाला गेल्या. ती वयस्क सिस्टर जागची उठली नाही. मी खुर्च्या लावत होते. ती हळूच म्हणाली, ‘आमच्याकडे सूचना येऊन पंधरवडा झाला. आम्ही रजिस्टरला लिहितो, आंघोळ नाही. मी अजून घालते. काल दोन घातल्या.’ आणि रुमाल तोंडाला लावला.

तिला धीर द्यायला माझ्याकडे होतं काय? टाचणी दारात चहाचे दोन कप घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं असावं. एक कप त्या सिस्टरपुढे ठेवला, दुसरा माझ्यापुढे, आणि खुर्ची ओढून बसली.

‘कालच्या दोन ना?’ तिने खिशातून पेन काढत विचारलं. ‘रजिस्टरमधले नंबर आठवतात का? चला, आधी तेवढ्या नोंदी दुरुस्त करू.’

तुझी,
आत्या